चौथं अक्षर

“मोज ना मग! बोटं दिलीत ना देवानं? मोज!” हातातली छिन्नी पेटीवाल्याच्या नाकासमोर नाचवत ठोक्या ओरडला.

“आधी ती खाली ठेव. मी दगड बघायला आलोय, डोळा फोडून घ्यायला नाही.” पेटीवाला दोन पावलं मागे सरला आणि त्याची टाच थेट पाण्याच्या बादलीत गेली. “झालं! चप्पल गेली कामातून. हे बघ ठोक्या, मोजायचा प्रश्नच नाहीये. अक्का तिथं थांबते. रोज थांबते. मी पेटीवर बोट उचलून बसलेलो असतो तेवढा वेळ. सात वर्षं उचलतोय.”

“दम लागतो तिला, म्हणून थांबते.”

“दम लागला असता तर कधी इथं लागला असता, कधी तिथं. हिचा बरोबर तिथंच कसा लागतो रे?”

“तू पेटी वाजव. अक्षरं मला शिकवू नकोस.”

आता ठोक्याला अक्षरं कुणी शिकवायला जाणं म्हणजे खरंच धाडस होतं. शाळा त्यानं सातवीत सोडली, पण दगडात अक्षर कोरावं तर त्यानंच. शिरोरेघ अशी सरळ, की पट्टी लाजेल. डोकं मात्र तापट. गिऱ्हाइकानं हुज्जत घातली की हा पाटी उलटी करायचा आणि दुकानाच्या पायरीला लावून टाकायचा. त्यामुळे दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस दोन डॉक्टर आणि एक वकील तुडवून आत यायचा. खालच्या अंगाला त्यांची नावं अजून तशीच होती, डिग्र्यांसकट.

समोर लाकडी ठोकळ्यांवर दगड आडवा पडला होता. काळा, पुरुषभर उंच, एकसंध. प्रार्थना मंडळानं तो खाणीतून सांगून मागवला होता आणि यायलाच दोन महिने लागले होते. दुसरा मिळणार नव्हता. त्यावर ठोक्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, प्रार्थनेचं गाणं कोरलेलं होतं. तीन कडवी. उद्या दुपारी दगड हॉलच्या भिंतीत बसणार, परवा सकाळी नऊला पडदा बाजूला होणार आणि तिथून पुढं मंडळ त्या दगडाकडे बघून गाणार. कागद हरवतात, म्हातारी माणसं शब्द विसरतात, पण भिंत कुठं जात नाही. म्हणून तर दगड.

भांडण सगळं एका अक्षराचं होतं.

त्याचं असं झालं. पंधरा दिवसांपूर्वी मंडळाची बैठक होती. मंडळात एक मास्तर होते, निवृत्त झालेले. निवृत्त शाळेतून झाले होते, शिकवण्यातून नाही. त्यांनी अक्काच्या गाण्याचा कागद समोर धरला आणि पेनाचं टोपण टेबलावर आपटत पहिलं कडवं वाचलं.

“खेळता खेळता, दूर गेली वाट, अंधार हा दाट, चहूकडे. बघा, सहा, सहा, सहा, चार. पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरं, शेवटच्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्याला यमक, वाट आणि दाट. चौकट पक्की. दुसरंही तसंच. आता तिसरं ऐका.” टोपण पुन्हा वाजायला लागलं. “माय हाक मारी, उभी राहे दारी, सांज झाली सारी... मारी, दारी, सारी. यमकं सुरेख आहेत, नाही असं नाही. पण शेवट काय? बाळे, ये. बा, ळे, ये. तीन! एक अक्षर कमी. पाय लंगडा पडतो.”

दोन-चार जण हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले.

“लॉन्ड्रीतल्या बाईनं इतपत केलं हेच पुष्कळ झालं हो,” मास्तर पुढं म्हणाले. “पण दगडावर जाणार म्हटल्यावर... मी म्हणतो दोनच कडवी घेऊ. तिसरं राहू दे.”

अक्का मागच्या रांगेत बसली होती. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिची तीस वर्षं चादरींच्या घड्या घालण्यात गेली. समोर एक बाई, इकडे ही, चार कोपरे, घडी, घडी, आणि तोंडानं गाणं. गाणं तिथंच जुळलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, माणसं तिला आवाजावरून कळायची. मांडीवर हात होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, बस.

ठोक्या मात्र उठला. “तिसरं कडवं जाणार दगडावर. नाहीतर दगड तुमचा तुम्ही कोरा. पेनाच्या टोपणानं.”

एवढा का पेटला, तर त्याला कारण होतं. सोळाव्या वर्षी हा दाजींशी, म्हणजे अक्काच्या नवऱ्याशी, भांडून घराबाहेर पडला. चौदा वर्षं गावोगाव दगड फोडत हिंडला. पाठीमागं अक्काला मुलगी झाली, वाढली, आणि तेराव्या वर्षी तापानं तीन दिवसांत गेली. तिला सगळे टिकली म्हणायचे. ते कळवणारं पत्र ठोक्याच्या जुन्या पत्त्यावर दोन महिने पडून राहिलं. हा आला तेव्हा अक्काच्या घरात दोरीवर एक छोटा फ्रॉक होता आणि तो काढायचा कुणाला धीर झालेला नव्हता. भाची म्हणून त्यानं फक्त तो फ्रॉक पाहिला. पुढं दाजीही गेले. आठ वर्षं झाली त्याला परत येऊन, पण अक्कासाठी आपण काही केलं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. हा दगड म्हणजे पहिलीच संधी होती.

कोरायला बसला तेव्हा त्यानं दोरी मारून मधली रेघ आखली आणि पेन्सिलनं अक्षरं मांडली. पहिल्या कडव्याची शेवटची ओळ चार अक्षरांची, मधोमध. दुसऱ्याची चार, मधोमध. तिसऱ्याची तीन. मधोमध बसवली तरी ती ओळ पडलेल्या दातासारखी दिसत होती. ज्याला रोज अक्षरं जागेत बसवायची सवय, त्याचा हात अशा ठिकाणी आपोआप शिवशिवतो. वरून मास्तरांचं टोपण कानात वाजतच होतं. ठोक्यानं ओळ दोनदा म्हणून बघितली आणि शेवटी एक ‘गं’ लावून दिला. बाळे, ये गं. चार! गोडही वाटलं. आईच्या तोंडचंच तर अक्षर आहे, त्याला वाटलं, अक्काला सुचायचं राहून गेलं असेल. गं वरचं टिंब त्यानं सगळ्यात शेवटी श्वास धरून घेतलं, कारण टिंब घेताना कपचा उडतो. नाही उडाला.

आणि आज पेटीवाला येऊन हे असं बोलत होता.

“निदान तिला विचार तरी,” पेटीवाला चप्पल झटकत म्हणाला.

“संध्याकाळी कळेलच तिला. सगळ्यांसमोर. मास्तरचं तोंड बघायचंय मला.”

“तू मास्तरसाठी कोरलास का अक्कासाठी?”

“निघ तू. तुझी चप्पल ओली झालीय ना, जा, उन्हात उभा राहा.”

संध्याकाळी तालीम होती. ठोक्यानं दगडावर कागद ठेवून शिसपेन्सिलनं छाप काढला होता, त्याच्या तीस झेरॉक्स केल्या होत्या, प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. अक्काला दिली नाही. तिला कागदाचा काय उपयोग. ती नेहमीच्या जागी खिडकीजवळ बसली, मांडीवर हात, अंगठा पहिल्या पेरावर. पेटीवाल्यानं ठोक्याकडे एकदा बघितलं, मग मान खाली घालून भाता ओढला.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात त्या वाटेवरच्या पोराच्या पायात काटा मोडतो आणि लांबवर उजेड दिसतो, तेही नीट गेलं. तिसरं आलं. माय हाक मारी. उभी राहे दारी. सांज झाली सारी. ठोक्यानं छाती भरून घेतली आणि सगळ्यांच्या वरताण आवाज लावला, “बाळे, ये गं!”

तीस जणांनी म्हटलं. अगदी एका तोंडानं. हॉल भरल्यासारखा झाला.

“बसला!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “आता बसला छंद! कुणी सुधारलं हे? वा!”

ठोक्याची मान ताठ झाली. त्यानं अक्काकडे पाहिलं. तिचा अंगठा तिसऱ्या पेरावरून चौथ्यावर निघाला होता आणि मध्येच थांबला होता. कुणीतरी दार तोंडावर लावल्यावर माणूस जसा उभा राहतो, तसा तो अंगठा तिथं होता.

“पुन्हा एकदा घेऊ,” मास्तर म्हणाले. “जमतंय छान.”

पुन्हा घेतलं. पुन्हा गं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. भिंतीला हात लावत लावत अक्का दरवाज्यापर्यंत गेली होती.

“खोकला आला असेल,” कुणीतरी म्हणालं.

पेटीवाल्याचं बोट अजून त्या जागी उचललं जात होतं. सवयीनं. मग त्याच्या लक्षात यायचं आणि तो घाईघाईनं सूर दाबायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोक्या दुकानाचं शटर वर करतोय तोच काठीचा आवाज आला. अक्का. एकटीच.

“अगं, हाक तरी मारायचीस मला! एवढा रस्ता ओलांडून आलीस?”

“दगड कुठंय?”

“हा काय. बस ना आधी. चहा सांगतो.”

“चहा नको. हात लाव माझा दगडाला.”

त्यानं तिचा हात धरून पहिल्या ओळीवर ठेवला. चादरींनी आणि सोड्याच्या पाण्यानं तिची बोटं अशी गुळगुळीत झाली होती, की हॉस्पिटलच्या मशीनवर तिचा अंगठा उमटायचा नाही. ती बोटं अक्षरांच्या खाचांतून चालायला लागली. खे. ळ. ता. ओठ हलत होते. दुसरं कडवं. एका ठिकाणी ती थांबली, “काट्याचा ट छान आलाय रे,” म्हणाली आणि ठोक्याला एकदम रडूच येईल असं वाटलं. का ते कळलं नाही.

तिसरं कडवं. बा. ळे. ये. बोट पुढं सरकलं आणि खाचेत पडलं.

“इथं कोण आलंय?” अक्का म्हणाली.

“गं आहे तो. अक्षर कमी पडत होतं अक्का. मास्तर हसत होते, तू होतीस ना तिथं. मी म्हटलं...”

“कमी नव्हतं पडत.”

“अगं तीनच होती. सहा, सहा, सहा, आणि...”

“मला मोजता येतं रे. चादरी मोजायचे मी, दिवसाला आठशे.” तिचं बोट गं च्या खाचेतच होतं, बाहेर येत नव्हतं. “चौथं होतं. ते माझं नव्हतं, एवढंच.”

ठोक्यानं शटरची किल्ली लाकडी ठोकळ्यावर ठेवली.

“टिकली तीन वर्षांची असेल. लॉन्ड्रीत घेऊन जायचे मी तिला, घरी कोण होतं बघायला? चादरींच्या ढिगात लपून बसायची. मी आपली देवाचं गाणं जुळवत होते. देव म्हणजे माय, तो दारात उभा राहून लेकराला बोलावतोय, असं. शेवट काही जमेना. बाळे, ये, इथपर्यंत आले आणि ढिगातनं आवाज आला, ओ! तिला वाटलं मी तिलाच हाक मारतेय. सगळ्या बायका हसल्या. मी बोटांवर मोजलं तर बरोबर चार. मग मी पुढचं अक्षर शोधलंच नाही. ते तिचं होतं.”

“मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?”

“सांगण्यासारखं काय होतं त्यात? घरातलं होतं ते. मोठी झाली तरी द्यायची. आरशात बघत वेणी घालताना, तोंडात रिबीन धरून, ओ. वर मान पण करायची नाही. मी मुद्दाम दिवसातनं चारदा गायचे. ती गेल्यावर मी मंडळात आले, तेव्हापासून ती जागा तशीच ठेवली. तीस माणसं गातात, त्यात एवढीशी जागा. पेरभर. तिथं मी ऐकायचे.”

पायरीवरून कुणीतरी आत आलं. मंडळाची माणसं होती, चौघं, दोरखंड आणि फळ्या घेऊन. “उस्ताद, उचलायचा ना? टेम्पो उभाय बाहेर.”

“थांबा जरा!” ठोक्या खेकसला. मग अक्काकडे वळला. “अक्का, मी... भरून काढतो. दगडाची भुकटी आणि गोंद. वरून घासलं की...”

“दिसेल?”

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण तिची बोटं अजून दगडावर होती. “दिसेल. आणि वर्षा-दोन वर्षांनी निघून येईल.”

“मग राहू दे.” तिनं हात काढून घेतला आणि काठी चाचपली. “न्या रे बाळांनो, उचला तुम्ही. जपून हं, पायावर घ्याल.”

“तू मला आधी बोलली असतीस तर!” ठोक्याचा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला. “आठ वर्षं मी इथं आहे! एकदा तरी बोलायचंस!”

“तू एकदा तरी विचारलंस, ती कशी होती म्हणून?” अक्का म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

चौघांनी दगड उचलला. दारातून नेताना पायरीवरच्या एका डॉक्टरचा कोपरा तुटला.

दिवसभर ठोक्यानं काही काम केलं नाही. एका बँकेची पाटी अर्धवट होती, तिच्याकडे बघत बसला. दुपारी पेटीवाला येऊन सांगून गेला की दगड बसला, सिमेंट ओलं आहे, वर पडदा टाकलाय, मास्तर खूश आहेत. “काय झालं रे अक्काला?” त्यानं विचारलं. ठोक्यानं सांगितलं. पेटीवाला पायरीवर टेकला. जाताना एवढंच म्हणाला, “मी सूर नाही दाबणार तिथं उद्या. पण एकट्या माझ्यानं काय होतंय.”

सहा वाजता ठोक्या अक्काच्या खोलीवर गेला. ती अंधारातच बसली होती. तिला दिव्याचं काय. त्यानं बटण दाबलं. दोरी अजून होती, तिच्यावर आता फक्त अक्काचा टॉवेल होता. ओट्यावर दोन पोळ्या झाकून ठेवलेल्या, न खाल्लेल्या.

“जेवली नाहीस?”

“नंतर.”

तो जमिनीवर बसला, तिच्या गुडघ्याला लागून. लहानपणी तिनंच त्याला आंघोळ घातली होती, तिनंच शाळेत नेऊन सोडलं होतं, आणि तो मागच्या दारानं पळून आला की तिनंच लपवलं होतं.

“अक्का, कशी होती ती?” त्यानं विचारलं.

अक्कानं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “गाऊ का?”

“गा.”

ती हळू आवाजात गायली. तिसरं कडवंच गायली. अंगठा पेरांवरून चालला. मारी, दारी, सारी. बाळे, ये. आणि अंगठा चौथ्या पेरावर टेकला. खोलीत काही आवाज नव्हता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढाच. ठोक्यानं श्वास धरला होता, टिंब घेताना धरायचा तसा. ऐकू येईल असं त्याला खरंच वाटत होतं. काय ऐकू येईल, देव जाणे, त्यानं तर तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

“येतं का काही?” शेवटी त्यानं विचारलं.

“यायचं.”

“आणि आता?”

“आता गं येतं.” अक्का म्हणाली. “कालपासून तेच येतंय. तुझ्या आवाजात.”

ठोक्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. तिनं त्याच्या केसांत हात घातला. केसांत दगडाची भुकटी होती, ती बोटांनी झटकत राहिली, कितीतरी वेळ.

“जाईल हळूहळू,” ती म्हणाली. पण ते तिनं तो लहान असताना म्हणायची त्या आवाजात म्हटलं, आणि तेव्हाही ते खरं नसायचं.

“उद्या नऊला सगळे ते वाचून गाणार,” तो म्हणाला. “परवा पण. रोजच. पोरं मोठी होतील, ती पण तेच गातील.”

“गाऊ देत.”

“तिथं खड्डा पाडला तर? अख्खं अक्षर उडवलं तर? तीनच राहतील.”

“एवढा चांगला दगड. मंडळ तुला काम देणार नाही पुन्हा. मास्तर गावभर सांगतील.”

“सांगू देत.”

“आणि माझ्या कानातलं? ते छिन्नीनं निघेल?”

तो उठला. पिशवी दाराशी टेकवलेली होती, त्यात बारीक छिन्नी होती आणि लहान हातोडी, येताना कशी भरली त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं.

“दोन घास खाऊन जा,” अक्का म्हणाली.

“हॉल सातला बंद होतो गं. सिमेंट अजून ओलं आहे, जपून मारावं लागेल. मला आता निघायचंय.”